वाचकांचे प्रश्न : २० अधिक ३० म्हणजे २०३०?

प्रश्न : पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकतीच शिकायला घेतली आहे. दोन भाज्यांचे भाव विचारून बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. २० आणि ३० दिले तर उत्तर २०३० आले. चूक कुठे आहे?

उत्तर : बेरीज चुकली नाही, ती झालीच नाही. कीबोर्डवरून काहीही टाइप करा, इनपुट ही आज्ञा ते मजकूर म्हणूनच हातात देते. अधिकचे चिन्ह आकड्यांची बेरीज करते, पण मजकूर मिळाला तर एकापुढे एक चिकटवते. म्हणून इनपुटला इंटच्या, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या आज्ञेच्या, कंसात घ्या :

भाव = इंट(इनपुट("भाव? "))

आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच हव्यात. शेवटी दोन्ही कंस बंद झाले का, तेही पाहा.

भाव २२.५० असेल तर इंट अडते आणि व्हॅल्यू-एरर येते. तिथे दशांश चिन्हाचे आकडे घेणारी फ्लोट चालते, पण जपून. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येते. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलो की ३ संपतच नाहीत. संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत एक दशांशाचे तसेच होते. त्यामुळे पैशांचा हिशेब पैशांतच ठेवावा : २२.५० रुपयांऐवजी २२५० पैसे, आणि छापताना शंभराने भागावे. ही सवय पहिल्याच आठवड्यात लागलेली बरी.

प्रश्न : पीडीएफमधला कोड जसाच्या तसा उतरवला, तरी चालत नाही.

उत्तर : बहुतेक वेळा अवतरणचिन्हे नडतात. छापील मजकुरातली वळलेली चिन्हे पायथनला चालत नाहीत. पुसून कीबोर्डवरची सरळ टाका. इंडेंटेशन-एरर, म्हणजे ओळ आत घेण्यातली चूक, असेल तर इफच्या (अट घालणाऱ्या आज्ञेच्या) ओळीखालची ओळ चार स्पेस आत घ्या. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ करू नका. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एरर आली की आधी तिची शेवटची ओळ वाचा, चुकीचा प्रकार तिथेच लिहिलेला असतो.

प्रश्न : व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या जागेला, मराठी नाव चालेल का?

उत्तर : पायथन ३ मध्ये चालते, वरचे ‘भाव’ देवनागरीतच ठेवा. गंमत म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना देवनागरीत २० टाइप केले, तरी इंट ते नीट वाचते. कोडमध्ये मात्र थेट देवनागरी आकडा लिहिला की सिंटॅक्स-एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमातली चूक.