ओटावात उणे २५ ला हीट पंप चालतो का? घ्यायचा तर कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओटावात १९८० च्या दशकातलं घर घेतलंय, बेसमेंटमधली गॅस फर्नेस (घर तापवणारी भट्टी) वीस वर्षं जुनी आहे, एसी बंद पडलाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो हीट पंप बसवा, शेजारी म्हणतो उणे २५ ला त्याचा दगड होतो. कुणाचं ऐकावं, आणि घ्यायचा तर कोणत्या कंपनीचा?

मी याच शहरात, जवळजवळ तशाच घरात राहतो. आमचा हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून घरात आणणारं यंत्र) बसून तीन हिवाळे झाले. चालतो. पहिल्या हिवाळ्यात मात्र मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या, आणि त्यातल्या निम्म्या मला स्वतःलाच घालायला हव्या होत्या. ते पुढे सांगतो.

शेजारी अगदीच चुकीचं बोलत नाहीये. वीसेक वर्षांपूर्वीची, एकाच वेगाने चालणारी यंत्रं उणे १०-१५ ला खरंच हात टेकायची. आताच्या थंड हवामानाच्या यंत्रांत इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असतो, तो गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करतो. आपल्या फ्रीजचं उदाहरण घ्या. फ्रीझरमध्ये उणे १८ असतं, तरी फ्रीजची मागची बाजू कोमट लागते. ती ऊब आतल्या गोठलेल्या मटारातूनच उपसलेली असते. हीट पंपासाठी अख्खं ओटावा हा फ्रीझर. नळ्यांतला वायू (जुन्या यंत्रांत आर-४१०ए, नव्यांत आर-३२ किंवा आर-४५४बी) साध्या हवेच्या दाबाला उणे ५० च्या आसपास उकळतो, त्यामुळे उणे २५ ची हवासुद्धा त्याच्या लेखी गरमच. उष्णता मिळतेच, पण पारा उतरेल तशी कमी मिळते. आणि नेमकी तेव्हाच घराची भूक वाढलेली असते.

म्हणून कंपनीचं नाव सर्वात शेवटी विचारा. आधी दोन आकडे काढा: तुमच्या घराला उणे २५ ला किती उष्णता लागते, आणि समोर ठेवलेलं मॉडेल उणे १५ ला व उणे २५ ला किती देतं. जाहिरातीत ‘उणे ३० पर्यंत चालतो’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की तिथपर्यंत यंत्र बंद पडत नाही. चालणं वेगळं आणि घर तापवणं वेगळं. आमच्या गावाकडची जुनी मोटरसुद्धा उन्हाळ्यात चालायची, पाणी यायचं करंगळीएवढं.

पहिला आकडा घरबसल्या निघतो. जुन्या मालकाकडून मागच्या जानेवारीचं आणि जुलैचं गॅसचं बिल मिळवा. आमचा हिशोब सांगतो. जानेवारीत ४५० घनमीटर गॅस जळला होता. जुलैत ५०, म्हणजे तो नुसता आंघोळीच्या पाण्याचा. वजा जाता घर तापवायला ४०० घनमीटर. एक घनमीटर गॅसमध्ये साधारण साडेदहा युनिट (किलोवॉट-तास) उष्णता असते, म्हणजे ४,२०० युनिट. फर्नेस ९२ टक्के क्षमतेची, म्हणून घरात पोचली ती ३,८६० च्या आसपास. जानेवारीचे तास ७४४. भागा: सरासरी ५.२ किलोवॉट. इथल्या जानेवारीचं सरासरी तापमान उणे १० च्या जवळपास असतं, आणि माणसं, स्वयंपाक, ऊन यांची ऊब धरून घराला १८ अंशांपर्यंतच तापवावं लागतं असं मानतात. फरक २८ अंशांचा. म्हणजे दर अंशाला ०.१८६ किलोवॉट. ओटावासाठी बांधकाम नियमांत हिशोबाचं तापमान उणे २५ धरतात, तिथे फरक ४३ अंश, आणि गरज निघते ८ किलोवॉट. कॉन्ट्रॅक्टरच्या भाषेत तासाला २७,००० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप).

आता गंमत बघा. आमच्या जुन्या फर्नेसवर ८०,००० बीटीयू असं छापलेलं होतं. गरजेच्या तिप्पट. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने तो शिक्का वाचला, घराकडे एकदा नजर टाकली आणि चार टनाच्या यंत्राचं कोटेशन हातात ठेवलं. बेसमेंटमध्ये सात मिनिटं होता तो, मी घड्याळ बघत होतो. एक टन म्हणजे १२,००० बीटीयू. इथे ‘जरा मोठंच घेऊ, असू दे’ हा आपला कपडे शिवतानाचा नियम लावू नका. मोठं यंत्र ऑक्टोबर आणि एप्रिलमधल्या सौम्य थंडीत सारखं चालू-बंद होत राहतं, आणि जुलैत खोली पटकन गार करून थांबतं, हवेतला दमटपणा तसाच राहतो. ओटावाचा जुलै किती चिकट असतो ते कळेलच तुम्हाला. कॉन्ट्रॅक्टर एफ-२८० या कॅनडातल्या प्रमाण पद्धतीने घराचा उष्णतेचा हिशोब करून देणार आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. उत्तर गोलगोल आलं तर पुढचा नंबर लावा. त्याचा हिशोब आणि तुमचा बिलावरचा हिशोब थोडाफार इकडेतिकडे होईल, पण दुप्पट निघाला तर कुणीतरी अंदाजपंचे बोलतंय.

दुसरा आकडा मॉडेलच्या तांत्रिक तक्त्यात असतो, रंगीत पुस्तिकेत नाही. टनाचा आकडा ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे ४७ फॅरनहाइटला मोजलेला असतो. आपल्याला हवा तो ५ फॅरनहाइटचा, म्हणजे उणे १५ चा. अमेरिकेतल्या नीप या संस्थेची थंड हवामानाच्या हीट पंपांची यादी आहे, तिच्यात प्रत्येक मॉडेलची ४७, १७ आणि ५ फॅरनहाइटला कमीत कमी आणि जास्तीत जास्त ताकद दिलेली असते. यादीत यायचं तर ५ फॅरनहाइटला सीओपी किमान १.७५ लागतो. सीओपी म्हणजे एक युनिट विजेच्या बदल्यात किती युनिट उष्णता मिळाली. साध्या हीटरचा तो नेहमी १. आम्ही घेतलेलं यंत्र अडीच टनाचं, ८ अंशांना ३०,००० बीटीयू. उणे १५ ला ते २३,००० देतं आणि आमच्या घराला तिथे २१,००० लागतात, म्हणजे निभावतं. उणे २५ ला मात्र ते १८,००० वर येतं, आणि ९,००० कमी पडतात.

हे कमी पडणं म्हणजे फसवणूक नव्हे. उणे २० च्या खाली जाणारे तास वर्षात मोजके असतात, त्या थोड्या तासांसाठी अवाढव्य यंत्र घेण्यापेक्षा जोडीला दुसरं काहीतरी ठेवणं शहाणपणाचं. ते दुसरं म्हणजे डक्टमध्ये, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांत, बसवलेला विजेचा हीटर (मोठ्या गीझरच्या कॉइलसारखा) किंवा गॅस फर्नेस. आमची तूट अडीच-पावणेतीन किलोवॉटची, ५ किलोवॉटचा हीटर पुरला असता. तरी आम्ही १० चा घेतला, ५-५ च्या दोन टप्प्यांत. जानेवारीत कॉम्प्रेसरच दगावला आणि सुटा भाग यायला आठवडा लागला, तर नळ गोठू नयेत म्हणून.

इथे तुम्हाला बेसमेंटमधल्या ब्रेकरच्या पॅनलपाशी जावं लागेल. १० किलोवॉटचा हीटर २४० व्होल्टला ४२ अँपिअर ओढतो, त्याला ६० चा ब्रेकर लागतो. घराची जोडणी १०० अँपिअरची असेल आणि उद्या विजेची गाडीही घ्यायची असेल, तर जागा उरत नाही. पॅनल २०० चा असेल तर मी म्हणेन हीट पंप आणि विजेचा हीटर घ्या, पुढेमागे पाण्याची टाकीही विजेवर न्या आणि गॅसचं मीटर काढून टाका, दरमहाचा स्थिर आकार तरी वाचेल. १०० चा असेल तर हीट पंप आणि लहान गॅस फर्नेस ही जोडी. वीस वर्षांची फर्नेस तशीच ठेवून तिच्यावर नवं यंत्र चढवायचं मनात येईल. नका करू. दोन वर्षांनी ती गेली की तेच सगळं पुन्हा उघडावं लागेल.

‘वीज गेली तर काय’ असं सगळे विचारतात, आणि मे २०२२ च्या वादळात इथे काही भागांत कित्येक दिवस अंधार होता हे खरंच आहे. पण गॅस फर्नेसचा पंखाही विजेवरच फिरतो. फरक एवढाच की तो छोट्या जनरेटरवर फिरवता येतो, हीट पंप नाही.

पैशाचं स्पष्ट बोलतो. घर तेलावर, प्रोपेनवर किंवा भिंतीलगतच्या विजेच्या हीटरवर तापत असतं, तर एवढं लिहीतच बसलो नसतो, ‘घ्या’ म्हटलं असतं. पाइपच्या गॅसशी स्पर्धा चुरशीची आहे. समजा गॅस सगळे आकार धरून घनमीटरला ४५ सेंट पडतो, तर ९२ टक्क्यांच्या फर्नेसमधून घरात आलेलं एक युनिट ४.७ सेंटला पडतं. वीज १३ सेंट धरली तर सीओपी २.८ च्या वर असेल तेव्हाच हीट पंप स्वस्त. म्हणजे साधारण शून्याच्या आसपास आणि वर तो जिंकतो, कडाक्यात गॅस. तुमच्या बिलावरचे आकडे घालून हा भागाकार स्वतः करा. जुने ऑनलाइन हिशोब वाचू नका, कारण १ एप्रिल २०२५ पासून गॅसवरचा कार्बन आकार निघालाय आणि गणित बदललंय. ऑन्टारियोत रात्री ११ ते सकाळी ७ अतिस्वस्त विजेची योजना आहे, पण तीच योजना कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ९ चांगलीच कापते. आम्ही ती घेतली, आणि साडेतीनला घर एक अंश जास्त तापवून ठेवतो.

तरीही तुमच्या जागी मी घेतलाच असता, कारण तुमचा एसी मेलाय. हीट पंप हाच उन्हाळ्यात एसी. नवा एसी घ्यायचाच आहे, तर तुलना त्याच्या किमतीच्या वरच्या फरकाशी करा, पूर्ण किमतीशी नाही. अनुदानं येतात आणि जातात. केंद्राचं ५,००० डॉलरपर्यंतचं अनुदान २०२४ मध्येच नव्या अर्जांना बंद झालं. सही करण्यापूर्वी त्या आठवड्यात काय चालू आहे ते बघा, कारण काही योजनांत काम सुरू होण्याआधी घराची तपासणी व्हावी लागते.

आता माझ्या शिव्यांचं. कॉन्ट्रॅक्टरने बाहेरचं यंत्र जमिनीपासून चार इंचांवर, थेट पन्हाळीखाली बसवलं. त्याच्या जाळीवर दव गोठतं, ते वितळवायला यंत्र मधूनमधून काही मिनिटं उलटं चालतं, पांढरी वाफ उठते आणि खाली पाणी पडतं. ते पाणी खालीच गोठत गेलं, वरून छपराचं ठिबकत होतं, आणि फेब्रुवारीच्या एका रात्री पंख्याचं पातं बर्फाला घासून असा आवाज झाला की आम्हाला वाटलं कुणी दार फोडतंय. मग दोन फुटी स्टँड आला आणि जागा बदलली, पैसे आमचेच. तुम्ही हे कोटेशनमध्येच लिहून घ्या: स्टँड, पागोळ्यांपासून लांब, तळाच्या ताटात हीटर.

दुसरी चूक शंभर टक्के माझी. काटकसर म्हणून रात्री थर्मोस्टॅट १६ वर, सकाळी सहाला २१ वर. फर्नेसला ते जमतं. हीट पंपाला पाच अंशांची उडी घे म्हटलं की तो धापा टाकतो आणि थर्मोस्टॅट विजेचा हीटर पेटवतो. त्या जानेवारीचं बिल मी बायकोला दोन दिवस दाखवलं नव्हतं. आता दिवसरात्र २० वर ठेवतो, साडेतीनचा तो एक अंश सोडला तर हातही लावत नाही, आणि उणे १५ च्या वर हीटर पेटूच नये असं सेटिंग करून घेतलंय.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, सवय. कोल्हापूरहून आई आली होती. तिने खोलीत हवा येते त्या जाळीवर हात धरला आणि जाहीर केलं, ‘हे बिघडलंय रे, वारा गारच येतोय.’ फर्नेसची हवा पन्नास-साठ अंशांची असते, याची पस्तीस-चाळीसची. हाताला कोमटच लागणार. खोली मात्र २० वर होती. ही कोमट हवा जास्त प्रमाणात, जास्त वेळ फिरवावी लागते, टनामागे मिनिटाला ३५० ते ४०० घनफूट, आणि फर्नेससाठी केलेले जुने डक्ट कधीकधी तेवढी सोसत नाहीत. डक्टमधला दाब मोजायला सांगा. आमच्याकडे परतीच्या हवेचा एक डक्ट रुंद करावा लागला, तेव्हा कुठे वरच्या मजल्यावरची शिट्टी थांबली.

जमिनीखालच्या उष्णतेवर चालणारा पंप कडाक्यातही दमत नाही, पण शहरी प्लॉटवर बोअर मारण्याचा खर्च ऐकून मी तो विषय सोडला.

आणि कंपनी? मित्सुबिशी, फुजित्सु, डायकिन, तिघांचीही खास थंडीची मालिका आहे, इतरांचीही आहे. तक्त्यात तुमचा उणे १५ चा आकडा जुळला, की ज्याचा तंत्रज्ञ तुमच्या भागात जानेवारीत घरी येईल ती घ्या. त्याआधी एखाद्या वीकेंडला पोटमाळ्यावर चढून इन्सुलेशनची जाडी मोजा. ते वाढवून अर्धा टन कमी लागला तर यंत्रच लहान घेता येईल.

जानेवारी-जुलैच्या बिलांतले घनमीटर, फर्नेसवरचा क्षमतेचा आकडा आणि पॅनल किती अँपिअरचं आहे, एवढं खाली लिहा. भागाकार करून देतो.