होम प्लेटवरची धडक: पहिल्या सीझनला एवढं सांभाळा

मुलांच्या लिटल लीग बेसबॉलला अंपायर म्हणून उभे राहताय, फार छान. होम प्लेट म्हणजे रनर (बेसवरून धावणारा खेळाडू) धाव पूर्ण करतो तो शेवटचा बेस; तिथे त्याची आणि कॅचरची (प्लेट सांभाळणाऱ्या खेळाडूची) जी धडक होते, तिची धास्ती सगळ्यांनाच असते. सुरुवातीला एकच सवय लावा: आधी चेंडू शोधा.

- कॅचर चेंडू घेऊन टॅगसाठी (चेंडूने रनरला स्पर्श करून आउट करण्यासाठी) थांबलाय: रनरने स्लाइड करावी (जमिनीवरून घसरत जावं) किंवा वळसा घालून जायचा प्रयत्न करावा. दोन्ही न करता अंगावर गेला तर आउट.
- चेंडू हातात नाही आणि कॅचरने रनरची वाट अडवली: चूक कॅचरची. मुद्दाम अडवलं का, हा प्रश्नच येत नाही.
- बारा वर्षांपर्यंतच्या गटांत पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढे करून स्लाइड केली तर आउट. मागे परतताना चालते.

नव्यांची हमखास चूक म्हणजे ‘स्लाइड केली नाही, आउट!’ स्लाइडची सक्ती नाहीच. पालक ओरडतील, ओरडू द्या. तसंच, रनरने चुकवायचा खरा प्रयत्न केला आणि तरी धक्का लागला, तर केवळ त्या धक्क्यासाठी त्याला आउट देऊ नका.

आणि घाई नको. पहिल्या सीझनला मी टॅग दिसताच आउटची खूण म्हणून मूठ वर केली, आणि धुळीतून चेंडू कॅचरच्या शिन गार्डखालून घरंगळत बाहेर आला. तो निर्णय मला सगळ्यांसमोर फिरवावा लागला. तेव्हापासून ग्लव्हमध्ये चेंडू दिसेपर्यंत मी हात उचलत नाही.

उभं राहताना कॅचरच्या पाठीमागे अडकू नका. दोन पावलं बाजूला सरका, रनर आणि ग्लव्ह यांमधली फट दिसली पाहिजे. अडथळ्यानंतर कुणाला कुठला बेस द्यायचा, ते पाच-सहा सामने झाले की बघू.