पशुसल्ला : बरी झालेली दगडी (कासदाह, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणारी सूज) पुन्हा का उलटते?

प्रश्न : माझी तिसऱ्या वेताची एच. एफ. (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय आहे. मागच्या डाव्या सडातून दुधात गाठी आल्या. दोन दिवस सडात औषधाची ट्यूब सोडल्यावर दूध निवळलं, पण पंधरा दिवसांत परत तेच. असं तीनदा झालं. आता काय करावं?

उत्तर : दूध निवळलं म्हणजे जंतू संपले असं नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कासेच्या आत बारीक पूगाठी करून बसतो आणि तिथे औषध नीट पोचत नाही. प्रत्येक वेळी ट्यूब बदलून पाहण्याआधी दूध तपासून घ्या. नमुना औषध सोडण्यापूर्वीच घ्यायचा. सड धुऊन कोरडा करा, पहिल्या तीन-चार धारा टाकून द्या, सडाचं टोक स्पिरिटच्या कापसाने पुसा, मग निर्जंतुक बाटली आडवी धरून ५ ते १० मि.लि. दूध घ्या. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. कोणतं औषध लागू पडेल ते अहवालावरून डॉक्टर ठरवतील.

ट्यूब सोडतानाच पुष्कळदा नवे जंतू आत ढकलले जातात. आधी सड पूर्ण पिळून रिकामा करा. टोक स्पिरिटच्या कापसाने, कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुसा. नळी सडात पूर्ण खुपसू नका, २ ते ३ मिलिमीटर पुरे. खोल घातली तर सडाच्या तोंडाचं आतलं अस्तर दुखावतं. एका सडाला एक पूर्ण ट्यूब. अर्धी-अर्धी दोन सडांत वाटणं म्हणजे दोन्ही सडांत अपुरी मात्रा. आणि गाठी थांबल्या म्हणून डोस मध्येच बंद करू नका. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं.

तरीही निवळलं नाही, तर खरी संधी गाय आटवताना, म्हणजे तिचं दूध बंद करताना मिळते. व्यायच्या अंदाजे ६० दिवस आधी शेवटची धार काढून चारही सडांत भाकड काळाची वेगळी, दीर्घकाळ टिकणारी ट्यूब सोडा. दूध नसल्याने औषध पातळ होत नाही आणि धारेबरोबर बाहेरही जात नाही. त्यानंतरही कास दगडासारखीच राहिली, तर ती गाय कळपात ठेवू नये असंच आम्ही सांगू. तिच्यापासून बाकीच्यांना लागण होत राहते.

तोवर तिची धार सर्वांत शेवटी काढा. पहिल्या धारा जमिनीवर न टाकता काळ्या कपात घ्या. अंगठा मुडपून धार काढू नका, मुठीने काढा. धारेनंतर प्रत्येक सड ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन ३ भाग आणि ग्लिसरीन १ भाग अशा द्रावणात बुडवा. सडाचं तोंड लगेच मिटत नाही, म्हणून गव्हाणीत चारा टाकून गाय अर्धा-पाऊण तास उभी ठेवा.

प्रश्न : दुधात काही दिसत नाही, पण दूध घटलंय. छुपी दगडी कशी ओळखावी?

उत्तर : सी.एम.टी. (कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट) चाचणीने. चार कप्प्यांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं २-३ मि.लि. दूध घ्या, तितकंच या चाचणीचं द्रावण घाला, १० सेकंद गोल फिरवा आणि लगेच पाहा. पातळच राहिलं तर ठीक. चिकट, जेलीसारखं झालं तर त्या सडात दोष आहे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि आटण्याच्या वेळी निरोगी सडही घट्ट होतो, तेव्हा या चाचणीवर भिस्त ठेवू नका.

प्रश्न : कोरफड-हळदीचा लेप चालेल का?

उत्तर : सुरुवातीच्या सुजेवर चालेल. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम वाटून, पाण्यात पातळ करून दिवसातून ८-१० वेळा, ५ दिवस कासेला लावा. दर वेळी आधी दूध काढून. पण दूध पाण्यासारखं येतंय, गाय चारा खात नाही, कान गार पडलेत, तर लेपात वेळ घालवू नका. त्याच तासाला डॉक्टर बोलवा.

प्रश्न : एकाच सडात ट्यूब सोडली, बाकीच्या तीन सडांचं दूध डेअरीला घालावं का?

उत्तर : नाही. औषध रक्तातून इतर सडांतही उतरतं. वेष्टनावर दिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत चारही सडांचं दूध बाजूला काढा. उकळून प्रतिजैविक जात नाही, अशा दुधाला विरजणही नीट लागत नाही.