धामण खरंच म्हशीच्या कासेला लागते का?

तुम्ही विचारलंय की गोठ्यात धामण दिसायला लागल्यापासून दूध कमी झालंय, तर ती पीत असेल का. नाही, एक थेंबसुद्धा नाही. एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण याच गोष्टीवरून माझं आणि आमच्या तात्यांचं (थोरले चुलते) गेली १८ वर्षं वाजतंय, त्यामुळे जरा लांबेल.

मी दहावीत होतो. आमची मुऱ्हा दुसऱ्या वेताची, सकाळचं पाच लिटर द्यायची ती आठवड्याभरात साडेतीनवर आली. त्यात एका संध्याकाळी तात्यांना गव्हाणीखाली धामण दिसली, चांगली सहा-सात फुटी, झालं, निकाल लागला. "मागच्या पायांना येढा घालून पिती ती, म्हस जागची हालत न्हाई." मी विचारलं, पिताना बघितली का तुम्ही? तर म्हणे लई शाणपणा करू नगंस. खोऱ्याच्या दांड्याने ठेचली तिला. पोट फुटलं त्यातनं दूध नाही, उंदीर बाहेर आला, अर्धा विरघळलेला पण शेपटी शाबूत. मी काडीने उलटा करून तात्यांना दाखवला. "दूध आधीच पचलं असंल," म्हणाले!

आता ज्याने कधी धार काढलीय त्याने जरा डोकं चालवावं. घरातलं माणूस बदललं तरी म्हैस पान्हा चोरते, आंबोण पुढे ठेवून कास चोळत बसावं लागतं, आणि म्हशीच्या सडात आयतं दूध जवळपास नसतंच, पान्हा सोडल्यावरच ते खाली उतरतं. ती सापासाठी पान्हा सोडेल? वर धामणीचे दात सुईसारखे आणि आत वळलेले, ते सडात रुतले तर लाथ बसेल, जखम दिसेल. ओढून प्यायला ओठ-गाल लागतात, ते सापाला नाहीत.

धामण मारून आठवडा झाला तरी दूध साडेतीनच. मग डॉक्टर आले, त्यांनी चार खणांच्या प्लेटमध्ये चारही सडांचं थोडं थोडं दूध घेतलं, त्यात औषध टाकून गोल फिरवलं. तीन खणांत पातळ राहिलं, चौथ्यात शेंबडासारखं घट्ट. दगडी होती, म्हणजे काससुजी, पण बाहेरून सूज नाही की दुधात गाठी नाहीत. सडात ट्यूबा सोडल्या तसं दूध हळूहळू वाढलं. त्या पावसाळ्यात मात्र उंदरांनी सरकी पेंडीची पोती फोडली, त्याचा हिशोब तात्यांनी कधी केला नाही. अजूनही म्हणतात, धामणीचे दात लागूनच सड बिघडलं.

तर तुमची धामण उंदरांसाठी येतेय, येऊ द्या. ती बिनविषारी आहे. ती नागाची मादी असते हेही खोटं, नागाची मादी नागीणच, आणि दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहतात ते बहुतेक वेळा दोन नरांची कुस्ती असते, लोक त्यावर पांढरं कापड टाकायला धावतात. नागपंचमीच्या दुधाचं म्हणाल तर गारुडी नागाला आधी तहानेला ठेवतात, मग समोर येईल त्यात तो तोंड घालतो.

पण धामण समजून हात घालायला जाऊ नका हां, नागही उंदरांमागेच गोठ्यात येतो आणि फणा काढला नसेल तर अंधारात भलेभले फसतात. सर्पमित्राला बोलवा. आणि चावलाच तर सापाची लस असेल त्या दवाखान्यात थेट, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

दूध कमी होण्याचं खरं कारण गाभ, ऊन, बदललेला चारा किंवा रात्री सुटणारं रेडकू यातलंही असू शकतं, तुमची म्हैस मी बघितलेली नाही. फक्त डॉक्टर आले की चारही सडांचं दूध वेगवेगळं तपासायला सांगा, आम्ही आधी बादलीतलं एकत्र दूध बाटलीत भरून दाखवायला नेलं होतं, त्यात आठवडा गेला.