दुसऱ्यांदा जा

बेटा,

काल इथे इंदूरला रामबागेत पोह्यांवरची शेव मऊ पडली तरी तू फोनमध्येच डोकं घालून बसली होतीस. तुमच्या क्राइम शोच्या मुंबई ऑफिसचा निरोप: खून झालेल्या मुलाचा लहानपणीचा फोटो पाहिजे, आईचा बाईट पाहिजे, म्हणजे कॅमेऱ्यापुढचं बोलणं, रडतानाचं. मग विचारलंस, "काका, या घरच्यांची परवानगी लागते का हो?"

हे तुमचा वकील सांगेल. तमिळनाडूतल्या ऑटो शंकर नावाच्या खुन्याच्या आत्मचरित्रावरून झालेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1994 मध्येच सांगितलंय, कोर्टाच्या रेकॉर्डवर आलेलं छापायला संमती लागत नाही. अत्याचार झालेल्या बाईचं नाव तेवढं वगळायचं. झालं समाधान?

जा. पण दोनदा जा. एकदा मागायला आणि एपिसोड लागायच्या आधी एकदा दाखवायला. पहिल्यांदा सगळेच जातात, कारण तेव्हा आपलं काम असतं.

मी एकदाच जायचो. मल्हारगंजातल्या एका घरी आईने अल्बम पुढ्यात ठेवला. मुलगा मुंजीतला, घेरा ठेवलेला. फोटो प्लास्टिकला चिकटून बसला होता, तिचे हात थरथरत होते, म्हणून मीच सोडवला. "परत आणून द्याल ना?" म्हणाली. म्हटलं, चार दिवसांत.

एपिसोडमध्ये तो मुलगा दारूडा झाला होता. मारणाऱ्याला कारण हवं ना! खाली बारीक अक्षरांत 'नाट्य रूपांतर'. त्या घरी ते शेजाऱ्यांसोबत पाहिलं गेलं. धाकट्याला शाळेत विचारलं, तुझा भाऊ रोज प्यायचा का रे?

तेव्हा टेप अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जायची, कापाकापी तिकडे, आम्हालाही टीव्हीवरच कळायचं. घर चालवायचं होतं. टीआय साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांनी, सांगितलं तेवढंच मी लिहिलं होतं, दारू मी घातली नव्हती. हे सगळं खरं आहे. आणि मल्हारगंज माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटं, हेही.

जेफ्री डामर या अमेरिकन सीरियल किलरवरच्या 2022 च्या मालिकेत एका बळीच्या बहिणीचा कोर्टातला आक्रोश जसाच्या तसा उभा केला, केस-कपड्यांसकट. तिला कोणी विचारलंही नव्हतं, तिनेच सांगितलं. अमेरिका लांब वाटत असेल तर 2025 चं मेघालयचं प्रकरण आठव. मेलेला मुलगा इंदूरचा, आरोपी बायकोही इंदूरची, दोन्ही दारांत कॅमेरे. म्हणून आरोपीच्या आईकडेही जा. तिने कोणाला मारलेलं नाही. तिच्याकडेही दोनदा.

एडिटर काही बदलणार नाही म्हणतेस? नाहीच बदलणार. तरी दाखव. कुठल्या सीनला उठून आत जायचं एवढं तरी तिला आधी कळेल. आणि 'वेळ नाही' हे मला ऐकवू नकोस, ते मी तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं ऐकवलंय.

तो फोटो माझ्या खणात आहे. ती बाई अधूनमधून बडा गणपतीपाशी भाजी घेताना दिसते. मी पलीकडून जातो.

तू मोबाइलनेच फोटोचा फोटो काढ, अल्बमला हात लावू नकोस. लावावाच लागला आणि कोपरा फाटला, तर तिथेच तिला सांग. मी अल्बम मिटेपर्यंत त्यावर अंगठा ठेवला होता.

काका