वाचक विचारतात : छतावरचा रंग टिकतो कसा?

प्रश्न : सर, मी घरांना रंग देण्याची कामं घेतो. आमच्याकडच्या पावसात छताचे दोन वर्षांत पोपडे निघतात. मग रोमच्या सिस्टीन चॅपेल या प्रार्थनाघराचं चित्रांनी भरलेलं छत ५०० वर्षं कसं टिकलं? मायकेलअँजेलो या चित्रकारानं ते आडवं पडून रंगवलं म्हणतात, खरं का?
– एक रंगारी, खानापूर

उत्तर : आडवं पडून नव्हे हो, परांचीवर उभं राहून, मान मागं टाकून. १५०८ ते १५१२ हे काम चाललं. त्या हालांवर त्यानं एक कविताही केली : गळ्याला गलगंड आलाय, ब्रशचे थेंब तोंडावर पडताहेत, असं तीत आहे.

आता तुमचा मुद्दा. तुम्ही वाळलेल्या भिंतीवर रंगाचा थर चढवता. तिथं चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर, नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावला होता. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो आणि रंगाचे कण त्यातच बसतात. पोपडा सुटायला वेगळा थरच उरत नाही! म्हणून त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच गिलावा थापायचा. उरलेला वाळला, तर खरवडून काढायचा.

ओल मात्र त्यालाही नडली. त्या छतावरच्या ‘महापूर’ या चित्रावर बुरशी आली, कारण गिलाव्यात पाणी जास्त झालं होतं. पुढं शतकानुशतकं मेणबत्त्यांची काजळी बसली ती वेगळीच. १९८० च्या दशकात छत धुतलं, तेव्हा खालचे हिरवे-नारिंगी रंग बघून काही जाणकारांनी चक्क भांडणं काढली.

तुम्ही आधी स्लॅबची गळती बंद करा. ओल येतेय तोवर भारी डब्याचा रंगही पैसे पाण्यात घालवील.