सहीचे बेसबॉल जमवायचेत? मग आधी एवढं कर

पहिलाच चेंडू बेब रूथसारख्या जुन्या दिग्गज खेळाडूच्या सहीचा हवा, हा हट्ट आधी सोड. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या 'ऑपरेशन बुलपेन' मोहिमेत खोट्या सह्यांचा ढीग सापडला होता. त्यात चक्क मदर तेरेसांच्या सहीचे चेंडूही होते! म्हणून सुरुवातीला सही स्वतःसमोर घे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲरिझोना आणि फ्लोरिडात मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, संघांचा सराव चालतो, तेव्हा खेळाडू कुंपणापाशी निवांत भेटतात. लवकर जा, नावाने हाक मार, 'प्लीज' म्हण.

सोबत काय न्यायचं:
- रॉलिंग्स कंपनीचा अधिकृत मेजर लीग चेंडू. स्वस्तातल्या नकली कातड्याच्या चेंडूवर सही नीट टिकत नाही.
- साधं निळं बॉलपेन. मार्कर अजिबात नको. माझ्या पहिल्या चेंडूवर मार्करची सही आहे. दोन वर्षांत शाई पसरून अक्षरं सुजल्यासारखी झाली, आडनाव आता लागतच नाही.

चेंडू पुढे करताना दोन शिवणी सर्वांत जवळ येतात ती कोरी जागा वर धर. तोच 'स्वीट स्पॉट'. एकाच खेळाडूची सही तिथेच शोभते.

घरी आल्यावर चेंडू डबीत ठेव, उन्हापासून लांब. खिडकीतल्या शोकेसमध्ये निळी शाई बघता बघता उडते.

सही खरी असल्याची प्रमाणपत्रं, लिलाव हे सगळं नंतर. आधी पाच चेंडू जमव आणि मला दाखव!